बोटीच्या आधीचा मुक्काम

जलप्रवासाची गोष्ट निघाली म्हणजे बोलणे बहुधा बोटीचेच होते. बोट किती मजली आहे, खोलीला समुद्राकडची खिडकी आहे की नाही, जेवणात शाकाहारी पदार्थ मिळतील की नाही, याची चौकशी आठ-आठ दिवस चालते. ही चौकशी वावगी नव्हे. परंतु आमचे म्हणणे असे की, बोटीवर पाय ठेवल्यानंतर प्रवाशाला फारसे काही करावयाचे उरत नाही. तेथे त्याची काळजी वाहणारी माणसे शेकड्यांनी असतात. खरी कसोटी लागते ती त्याआधी, विमानतळाचा दरवाजा आणि बोटीची शिडी यांच्या दरम्यान. या टापूत प्रवासी कोणाचाच नसतो. विमान कंपनीचे काम विमानतळावर संपलेले असते, बोट कंपनीचे काम धक्क्यावर सुरू व्हावयाचे असते, आणि मधले अंतर ज्याचे त्याने कापावयाचे असते. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून एकदा तरी परदेशच्या समुद्रावर फिरून यावे, असा बेत करणारी जोडपी आज मराठी घरांतून पुष्कळ आढळतात. त्यांचा पैसा आणि त्यांचे मनःस्वास्थ्य या मधल्या पट्ट्यातच पणाला लागते. म्हणून या लेखात आम्ही या पट्ट्याचाच विचार करणार आहोत, आणि उदाहरणादाखल रोम शहर घेणार आहोत.

ही अडचण पूर्वी नव्हती, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १८७० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत हिंदुस्थानची विलायती टपाल इटलीच्या दक्षिण टोकाजवळील ब्रिंदिसी बंदरातून येत असे. लंडनहून निघालेली टपालगाडी फ्रान्स व इटली ओलांडून ब्रिंदिसीच्या धक्क्यापर्यंत धावे, आणि पी. अँड ओ. कंपनीची बोट ती टपाल व प्रवासी घेऊन निघे. मुंबईस तोच प्रकार बॅलार्ड पियरवर होता. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल हंगामात बॅलार्ड पियर मोल स्टेशनातून सुटत असे. बोटीतून उतरलेला प्रवासी दहा पावलांवर आगगाडीत बसे. या व्यवस्थेचे मर्म असे की, आगगाडी आणि आगबोट एकाच टपालाच्या करारात बांधलेली होती. गाडीस उशीर झाला तर त्याची काळजी बोटीला असे. आज विमान एकाचे, आगगाडी दुसऱ्याची, बोट तिसऱ्याची, आणि तिघांचा परस्परांशी काही संबंध नाही. तेव्हा जो सांधा पूर्वी कंपन्या जुळवीत, तो आज प्रवाशाला स्वतः जुळवावा लागतो. बेत करावयाचा म्हणजे हा सांधा करावयाचा, इतकाच त्याचा अर्थ आहे.

सांधा जुळविण्यास निघाल्यावर पहिली गोष्ट पाहावयाची ती बंदराचे नाव. बोट कंपनीच्या पत्रकात ‘रोम’ असे छापलेले असते. परंतु रोमला बंदर नाही. बोट सुटते ती चिव्हिताव्हेक्या या गावाहून, आणि ते गाव रोमपासून रस्त्याने सुमारे ८० किलोमीटर आहे. हे असे का, याचे उत्तर दोन हजार वर्षे जुने आहे. रोमची नदी टायबर ही गाळ वाहून आणणारी नदी आहे. तिच्या मुखावरील ओस्तिया हे बंदर गाळाने अपुरे पडू लागले, तेव्हा सम्राट क्लॉडियसने जवळच नवे बंदर खोदविले, आणि पुढे सम्राट ट्रेजनने त्याच्या आतल्या बाजूस षट्कोनी आकाराची गोदी बांधली. फ्युमिचिनो विमानतळाजवळ तो षट्कोनी तलाव आजही आहे, मात्र समुद्र त्याला सोडून दूर गेला आहे. त्याच ट्रेजनने दुसऱ्या शतकाच्या आरंभी उत्तरेकडच्या खडकाळ किनाऱ्यावर, नदीच्या गाळापासून दूर, आणखी एक बंदर बांधविले. तेच आजचे चिव्हिताव्हेक्या. गाळाची बंदरे बुजली, खडकावरचे टिकले. आज हजारो प्रवाशांच्या अजस्र बोटी तेथे लागतात, याचे कारण हेच.

नाव एका गावाचे आणि धक्का दुसऱ्या गावी, हा प्रकार रोमपुरताच नाही. लंडनची म्हणून सांगितलेली बोट साउदॅम्प्टनहून सुटते, पॅरिसची ल हाव्हरहून, बर्लिनची वार्नेम्युंडेहून. व्हेनिसच्या बाबतीत तर अलीकडे मोठाच बदल झाला. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या बोटींना व्हेनिस शहरासमोरच्या कालव्यातून जाण्यास इटलीच्या सरकारने बंदी केली. तेव्हापासून व्हेनिसच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही सफरी राव्हेन्ना किंवा त्रिएस्त येथून निघतात, आणि ही गावे व्हेनिसपासून शंभर-दीडशे किलोमीटर दूर आहेत. म्हणून तिकीट हाती आले की शहराचे नाव न वाचता धक्क्याचे नाव वाचावे, आणि मगच हॉटेल ठरवावे.

दुसरी गोष्ट, बोट थांबत नाही. हा अरेरावीचा प्रकार नसून त्यामागे हिशेब आहे. धक्का ठरावीक तासांसाठी घेतलेला असतो. बंदराचा वाटाड्या ठरल्या वेळी बोटीवर चढतो. पुढच्या बंदरातील धक्काही तितक्याच काटेकोरपणे राखलेला असतो. गेलेला वेळ समुद्रावर भरून काढावा म्हटले तर त्याची किंमत जबर पडते. बोटीच्या यंत्रांना लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी १८ सागरी मैलांनी जाणारी बोट २० मैलांनी न्यावयाची झाली तर वेग वाढतो नवव्या हिश्श्याने, पण शक्ती लागते एकतृतीयांशाहून अधिक जास्त. चार माणसांसाठी चार हजारांची बोट हा खर्च करणार नाही.

याशिवाय सुटण्यापूर्वी प्रवाशांची यादी पुरी व्हावी लागते आणि संकटकाळची कवायतही व्हावी लागते. या कवायतीचा नियम चिव्हिताव्हेक्याच्या इतिहासाशीच निगडित आहे. १३ जानेवारी २०१२ रोजी याच बंदरातून सुटलेली ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही बोट त्याच रात्री जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळली, आणि ३२ माणसे प्राणास मुकली. त्या दिवशी बंदरात चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण चोवीस तासांच्या आत ती घेतली तरी चालत असे. पुढे आंतरराष्ट्रीय नियम बदलला, आणि १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे आवश्यक झाले. यामुळे बोट पाच वाजता सुटणार असली तरी प्रवाशांसाठी दरवाजा तासभर ते दीड तास आधीच बंद होतो. पत्रकातील सुटण्याची वेळ ही आपली वेळ नव्हे. दरवाजा बंद होण्याची वेळ ही आपली वेळ.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: हाताशी किती वेळ मोकळा ठेवावा? ‘दोन तास ठेवा’, ‘चार तास ठेवा’ असा सल्ला पुष्कळजण देतात, परंतु त्यामागे तत्त्व दिसत नाही. आमच्या मते तत्त्व असे आहे: वाहन चुकले असता त्याच मार्गाचे पुढचे वाहन जितक्या वेळाने मिळते, तितकी सैल ठेवावी. रोमहून चिव्हिताव्हेक्यास दिवसा तासाला एखाद-दुसरी गाडी असते. म्हणून तेथे दोन तासांची सैल पुष्कळ झाली. परंतु मुंबईहून आखातातील एखाद्या शहरी विमान बदलून रोमला यावयाचे, आणि तेथले पुढचे विमान चुकले, तर दुसरी जागा मिळण्यास बारा तास लागतील, कधी एक दिवस लागेल. तेथे चार तासांची सैल ही सैलच नव्हे. तेथे सैल दिवसांत मोजली पाहिजे. आणि बोट चुकली तर पुढची बोट नाहीच. तिच्या बाबतीत सैल ठेवण्याचा प्रश्न उरत नाही. तिची सगळी सैल आधीच्या वाहनांत ठेवावयाची असते.

या तत्त्वाने पाहिले म्हणजे बोटीच्याच दिवशी सकाळी विमानाने उतरण्याचा बेत कसा फसवा आहे हे कळते. कागदावर तो बरोबर जमतो. नऊला विमान उतरले, अकरापर्यंत परवान्याची तपासणी व सामान झाले, विमानतळाहून बंदर सुमारे ६५ किलोमीटर, म्हणजे बारा-साडेबाराला धक्का. तीन तास हाताशी! परंतु हे तीन तास आगगाडीच्या मापाचे आहेत, आणि उशीर व्हावयाचा तो विमानाच्या मापाने. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सरहद्दीवर परदेशी प्रवाशांच्या बोटांचे ठसे व चेहऱ्याचे छायाचित्र घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पहिल्यांदा जाणाऱ्याला तेथे किती वेळ लागेल हे रांगेवर अवलंबून आहे. सामानाचेही तसेच. पेटी मागे राहिली तर विमान कंपनी ती दुसऱ्या दिवशी हॉटेलात पोचविते. पण आपण त्याच संध्याकाळी समुद्रावर असलो तर ती पेटी आपल्या मागे बंदरोबंदर हिंडत राहते.

म्हणून बोटीच्या आधी निदान एक रात्र शहरात काढावी, आणि जमल्यास दोन. एका रात्रीने विमानाचा उशीर पोटात जातो. दुसरी रात्र शरीरासाठी असते. इटलीचे घड्याळ आपल्या मागे उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास चालते. साठी उलटलेल्या माणसाला संध्याकाळी सातलाच पेंग येते आणि पहाटे तीनला जाग येते. दोन रात्री असल्या म्हणजे विमानाने एक दिवस खाल्ला तरी एक रात्र शिल्लक राहते. हा खर्च चैनीचा आहे असे कोणास वाटेल. आम्ही त्याला विम्याचा हप्ता म्हणतो. फरक इतकाच की, विमानाने दगा दिला नाही तर या हप्त्याच्या मोबदल्यात रोम पाहावयास मिळते.

मुक्काम कोठे करावा? येथे तीन पर्याय आहेत. पहिला, रोमचे मुख्य स्टेशन तेर्मिनी याच्या आसपास. फ्युमिचिनो विमानतळाहून ‘लिओनार्दो एक्स्प्रेस’ ही गाडी न थांबता ३२ मिनिटांत येथे आणून सोडते, आणि चिव्हिताव्हेक्याची गाडीही येथूनच सुटते. मात्र त्या गाडीचे फलाट स्टेशनात अगदी एका टोकाला आहेत. पेट्या घेऊन सात-दहा मिनिटे चालावे लागते. दुसरा पर्याय व्हॅटिकनच्या बाजूचा. चिव्हिताव्हेक्याच्या लोकल गाड्या तेर्मिनीनंतर ओस्तिएन्से, त्रास्तेव्हेरे आणि सान पिएत्रो या स्टेशनांवर थांबतात. सान पिएत्रो हे स्टेशन सेंट पीटरच्या मंदिरापासून चालत जाण्याइतके जवळ आहे, आणि बंदराच्या वाटेवर पुढे असल्यामुळे तेथून प्रवासही थोडा कमी होतो. तिसरा पर्याय प्रत्यक्ष चिव्हिताव्हेक्यास राहण्याचा. ज्यांनी रोम आधी पाहिले आहे, किंवा ज्यांच्याबरोबर फार थकलेले माणूस आहे, त्यांनी हा जरूर विचारात घ्यावा. त्यांना विमानतळाहून रोमला जाण्याचे कारण नाही. विमानतळाहून सुटणाऱ्या लोकलने त्रास्तेव्हेरेला उतरून तेथे चिव्हिताव्हेक्याची गाडी धरता येते. लिओनार्दो एक्स्प्रेसने तेर्मिनीस जाऊन पुन्हा मागे येणे म्हणजे पुण्यास जाण्यासाठी दादरहून बोरीबंदरला जाऊन गाडीत बसण्यासारखे आहे.

बोटीच्या दिवसाचा हिशेब लग्नाच्या मुहूर्तासारखा उलटा मांडावा. मुहूर्त गोरज असला की आपण अंतरपाटापासून मागे येत येत वऱ्हाड निघण्याची वेळ ठरवितो; तसेच येथे. बोट पाचला सुटते; दरवाजा साडेतीनला बंद. एकला धक्क्यावर असावे. चिव्हिताव्हेक्या स्टेशनात उतरल्यावर ‘लार्गो देल्ला पाचे’ या ठिकाणी जावयाचे असते. तेथून बंदराच्या बसगाड्या ज्याच्या त्याच्या बोटीपाशी नेतात. बंदर विस्तीर्ण आहे, पायी बोट गाठण्याचा विचारही करू नये. या सगळ्यास पाऊण तास धरावा. लोकलला सव्वा तास. म्हणजे अकराच्या सुमाराची गाडी, आणि हॉटेल दहाला सोडावे. हॉटेलेही बहुधा त्याच सुमारास खोली मागतात. ही गाडी चुकली किंवा रद्द झाली तरी पुढची आहे. लोकलचे छापील तिकीट असल्यास फलाटावरील यंत्रात त्यावर शिक्का उमटवून घ्यावा. विसरल्यास दंड होतो.

इटलीतील एक खास विघ्न म्हणजे संप. ‘शोपेरो’ हा शब्द प्रवाशाने पाठ करून ठेवावा. हे संप आगाऊ जाहीर होतात, म्हणून निघण्यापूर्वीच्या आठवड्यात चौकशी करावी. संपाच्या दिवशीही, तो दिवस कामाचा असेल तर, लोकल गाड्यांची काही सेवा सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात चालू ठेवावी लागते. आपली अकराची गाडी नेमकी या दोहोंच्या मध्ये पडते! अशा दिवशी सकाळी आठची गाडी धरून चिव्हिताव्हेक्यास जाऊन बसावे, नाही तर मोटार ठरवावी.

मोटारीविषयी आमचे मत असे आहे की, तिची किंमत माणशी न काढता पेट्यांशी आणि गुडघ्यांशी ताडून पाहावी. आगगाडीचे भाडे डोकी मोजून पडते, मोटारीचे गाडी मोजून. दोघे धडधाकट असतील तर आगगाडीसारखे सुख नाही. चौघे असतील, आठ पेट्या असतील, आणि त्यांत एखादी आजी असेल, तर हॉटेलच्या दारापासून बोटीपर्यंत एकच मोटार करावी. रोमच्या दगडी फरसबंदीवरून चाकांच्या पेट्या ओढणे हा तरुणांचा खेळ आहे. बोट कंपनीची स्वतःची बस असते, ती महाग पडते. परंतु तिला उशीर झाला तर सामान्यतः ती कंपनीची जबाबदारी ठरते. म्हणजे ब्रिंदिसीच्या जुन्या गाडीचा सांधा येथे पैसे देऊन विकत मिळतो. ज्याला स्वतः जुळविण्याची हौस किंवा उमेद नाही त्याने तो खुशाल विकत घ्यावा.

आता शहराविषयी. दोन रात्रींच्या मुक्कामात हाती येतो तो एक पूर्ण दिवस. उतरल्या दिवशी वेळेचे बंधन असलेले काहीही ठरवू नये. १८ ऑक्टोबर २०२३ पासून कलोसियमची तिकिटे नावानिशी दिली जातात, आणि त्यांवर प्रवेशाची वेळही असते. विमान उशिरा आले तर ती दुसऱ्याला देताही येत नाहीत. असे तिकीट दुसऱ्या दिवसाचे काढावे. व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी बंद असतात, महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा अपवाद. म्हणून बोट सोमवारची असेल तर हे आधीच पाहावे. देवळांतून खांदे व गुडघे झाकलेले लागतात. आपल्या साडीला आणि सदऱ्या-पायजम्याला ही अट जड जात नाही. एका दिवसात सकाळी एक मोठे स्थळ आणि संध्याकाळी पायी हिंडणे, एवढेच करावे. दुपारी विश्रांती घ्यावी. शहरात ठिकठिकाणी पिण्याच्या पाण्याचे सुमारे अडीच हजार नळ अखंड वाहत असतात. जवळ बाटली ठेवली की पाण्याचा खर्च नाही. बोटीच्या सकाळी मात्र काहीही पाहण्याचे मनात आणू नये. त्या सकाळचे काम एकच, निघणे.

कागदपत्रांत एक मेख आहे. युरोपच्या समाईक परवान्यावर आपण इटलीत उतरतो. बोट ग्रीस व क्रोएशिया या देशांतच फिरणार असेल तर अडचण नाही, कारण १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशियाही त्या समाईक प्रदेशात आला आहे. परंतु वाटेत तुर्कस्थान किंवा माँटेनेग्रो असेल, तर बोट त्या प्रदेशाबाहेर जाऊन परत येते. तेथे एकदाच प्रवेश देणारा परवाना अपुरा पडण्याचा संभव असतो. अनेकवार प्रवेशाचा परवाना मागावा, आणि बाहेरच्या देशाचा नियम वेगळा पाहावा. शहरातले रात्रींचे दिवसही परवान्याच्या मुदतीत मोजले जातात, हे विसरू नये.

सामानाची विभागणी अशी करावी. धक्क्यावर मोठ्या पेट्या हमालांकडे दिल्या की त्या खोलीत संध्याकाळपर्यंत येतात. तेव्हा पासपोर्ट, औषधे, चष्मा आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत हवेत. पासपोर्ट हाती असण्याचे दुसरेही कारण आहे. सगळे करूनही बोट चुकलीच, तर तिला पुढच्या बंदरात गाठण्याचा मार्ग उरतो, आणि तो पासपोर्टवाचून बंद आहे. पुढचे बंदर नेपल्स असेल तर रोमहून जलद गाडीने सव्वा तासाचा प्रश्न आहे; ग्रीसचे बेट असेल तर विमानाचा. म्हणून बोटीच्या स्थानिक प्रतिनिधीचा पत्ता व दूरध्वनी कागदावर लिहून खिशात ठेवावा. विमा घेताना, बोट चुकल्यास भरपाई मिळते का आणि विमानाला किती तास उशीर झाला म्हणजे ती मिळते, ही दोन कलमे आधी वाचावीत. बाकीची मागाहून वाचली तरी चालतील.

तात्पर्य, हा सगळा बेत तीन प्रश्नांत मावतो. धक्का कोणत्या गावी आहे? दरवाजा केव्हा बंद होतो? आणि वाटेतले प्रत्येक वाहन चुकले तर पुढचे केव्हा मिळते? या तिन्हींची उत्तरे एका कागदावर लिहून काढावीत आणि तो कागद घरातल्या दुसऱ्या माणसाजवळही द्यावा; कारण बेत एकाच्याच डोक्यात असला की तो माणूस रात्रभर जागतो आणि दुसरा त्याला झोप का येत नाही म्हणून विचारतो. दोघांना बेत ठाऊक असला म्हणजे दोघेही झोपतात. सकाळी पेट्या उचलून निवांतपणे स्टेशनाकडे चालू लागणाऱ्या जोडप्याची सफर, बोट अजून ८० किलोमीटर दूर असली, तरी तेव्हाच सुरू झालेली असते.